जिल्हा दैनिकाने स्वतःचा व्हिडिओ प्लेयर घ्यावा का?

एका जिल्हा दैनिकाच्या डिजिटल विभागप्रमुखांनी विचारलेला प्रश्न असा: आमचं यूट्यूब चॅनेल बऱ्यापैकी चालतं, वेबसाइटवरच्या बातम्यांमध्येही तेच व्हिडिओ एम्बेड करतो, पण महिनाअखेरीस येणाऱ्या रकमेत एका कॅमेरामनचा पगारही निघत नाही. आता एका कंपनीचा प्रस्ताव आलाय. प्लेयर तुमच्या नावाचा, जाहिराती आम्ही आणू, दर हजारी ८० रुपये. घ्यावा का? आणि घेतला तर यूट्यूबचं काय करायचं?

स्वतःचा प्लेयर घ्या, पण हा प्रस्ताव आहे तसा घेऊ नका. वृत्तपत्रं आणि वाहिन्यांसाठी व्हिडिओची यंत्रणा उभी करण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. प्लेयर कोणत्या कंपनीचा, यावर सगळ्यात जास्त बैठका होतात आणि पैशाशी त्याचाच संबंध सगळ्यात कमी असतो. तुमची जाहिरात कोण विकतं आणि मूळ फुटेज त्याच्या नोंदींसकट कोणाकडे आहे, या दोन गोष्टींवर उत्पन्न ठरतं. त्या दोन्ही दुसऱ्याच्या हातात देऊन प्लेयरवर फक्त आपला लोगो लावला, तर काहीच बदलत नाही.

आधी त्या ८० रुपयांचा हिशेब करू. हा दर प्रत्यक्ष दाखवल्या गेलेल्या हजार जाहिरातींना असतो, हजार पेजव्ह्यूंना नाही. समजा महिन्याला ५ लाख पेजव्ह्यूंमध्ये प्लेयर असेल. कंपनीच्या सादरीकरणात सरळ गुणाकार केलेला असतो: ४०,००० रुपये. पण बरेच वाचक प्लेयरपर्यंत पोचण्याआधीच पान सोडतात. ६० टक्के वेळा तो सुरू झाला असं धरलं तर झाले ३ लाख. या प्रत्येक वेळी जाहिरात मागितली जाते, पण ती मिळतेच असं नाही. मराठी बातम्या, जिल्ह्यातला वाचक आणि सणवार नसलेला महिना असेल तर ३० टक्के फिल रेट, म्हणजे मागितलेल्यांपैकी प्रत्यक्ष मिळालेल्या जाहिरातींचं प्रमाण, धरणं शहाणपणाचं. म्हणजे ९०,००० जाहिराती, ७,२०० रुपये. त्यातून कंपनीचा ३० टक्के वाटा गेला की उरतात ५,०४०.

आता खर्चाची बाजू. ३ लाख वेळा सुरू झालेला व्हिडिओ सरासरी ४० सेकंद पाहिला गेला आणि तो सेकंदाला ८०० किलोबिटने जात असेल, तर एका वेळचा डेटा ४ एमबी आणि महिन्याचा १,२०० जीबी. सीडीएनचा, म्हणजे व्हिडिओ वाचकापर्यंत पोचवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याचा, दर जीबीला ४ रुपये धरला तरी ४,८०० रुपये. हाती राहिले २४० रुपये. शिवाय कोणी उत्साहाने सगळ्यांना ४ मेगाबिटची फुल एचडी फाइल पाठवायचं ठरवलं, तर डेटा पाचपट होतो, बिल २४,००० वर जातं आणि जाहिरातीचं उत्पन्न एक रुपयानेही वाढत नाही. हे आकडे मी उदाहरणापुरते धरलेत, तुमचे वेगळे येतील. पण पायऱ्या याच आहेत. कंपनीला प्रत्येक पायरीचा आकडा लेखी मागा: किती वेळा प्लेयर सुरू होतो, फिल रेट किती, वाटा कापल्यावर काय उरतं, सीडीएनचं बिल कोण भरतं. यातला एक जरी आकडा द्यायला कंपनी तयार नसेल, तर बोलणी तिथेच थांबवा.

८० रुपयांमागे आणखी एक गोष्ट असू शकते आणि ती जास्त गंभीर आहे. बातमीच्या मधे आवाज बंद ठेवून आपोआप सुरू होणारा, वाचक खाली गेला की कोपऱ्यात चिकटणारा प्लेयर तुम्ही पाहिलाच असेल. क्रोमने २०१८ मध्ये आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केल्यापासून आवाज बंद ठेवणं हाच सगळ्यांचा मार्ग झाला. पूर्वी अशा प्लेयरवरच्या जाहिरातीही सर्रास 'इनस्ट्रीम' म्हणून विकल्या जायच्या, म्हणजे प्रेक्षकाने स्वतःहून लावलेल्या व्हिडिओच्या दराने. ऑनलाइन जाहिरातींचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅब या संस्थेने २०२२-२३ मध्ये ही व्याख्या बदलली. आता व्हिडिओ आवाजासह सुरू झाला किंवा वाचकाने तो पाहण्याच्या इच्छेनेच लावला, तरच ती जागा इनस्ट्रीम. परिच्छेदांमधे आवाज बंद ठेवून सुरू होणाऱ्या प्लेयरसाठी वेगळा वर्ग केलाय आणि त्याला दर कमी मिळतो. प्रत्येक जाहिरात-मागणीसोबत हा वर्ग कळवायचा असतो. काही कंपन्या तो चुकीचा कळवून चढा दर मिळवतात. खरेदीदाराच्या लक्षात आलं की दंड त्या कंपनीला होत नाही, तुमचं डोमेन काळ्या यादीत जातं. म्हणून करारात एक वाक्य घालाच: जागेचा वर्ग खरा कळवला जाईल आणि त्याचा अहवाल आम्हाला पाहता येईल.

यूट्यूब सोडायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. तिथे प्रेक्षक आधीच बसलेला आहे आणि नव्या माणसाला तुमचा व्हिडिओ तिथेच सापडतो. लांब व्हिडिओंच्या जाहिरात उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो, सर्व्हर आणि सीडीएनचा खर्च शून्य. शॉर्ट्सचं गणित वेगळं आहे. तिथे जाहिरातींचे पैसे आधी एकत्र जमा होतात, संगीताचा हिस्सा बाजूला काढला जातो आणि तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेचे ४५ टक्के मिळतात. म्हणून लाखो व्ह्यूज दिसूनही रक्कम छोटी राहते. ८ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओत मधे जाहिरात टाकता येते. पण अडीच मिनिटांची बातमी ताणून आठ मिनिटांची करणाऱ्या डेस्कना मी कायम विरोध करत आलोय. प्रेक्षक दुसऱ्या मिनिटाला निघून जातो, आणि पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं तरी थांबत नाही.

यूट्यूबच्या एम्बेडवर तुम्ही स्वतःची जाहिरात चढवू शकत नाही, नियमात ते बसत नाही. जाहिरातदाराने दिलेली तयार फिल्म व्हिडिओत शिवून ती यूट्यूबवर टाकणंही चालत नाही. प्रायोजकाचं नाव निवेदनात घेणं, त्याच्या नावाची स्थिर पाटी दाखवणं चालतं, फक्त अपलोड करताना 'सशुल्क प्रमोशन'ची खूण करावी लागते. स्वतःचा प्लेयर हवा तो याचसाठी. वाचक गुगलवरून किंवा व्हॉट्सॲपच्या लिंकवरून तुमच्याच बातमीवर आलेला असतो, त्याला आणायला यूट्यूबने काही केलेलं नसतं, आणि तरीही त्या जागेवरची जाहिरात तुम्हाला विकता येत नाही.

आणि ती विकायची कोणी? तुमच्याच जाहिरात विभागाने. जिल्हा दैनिकाचं बळ तिथे आहे आणि डिजिटलच्या बैठकीत नेमके तेच लोक बोलावलेले नसतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीला सराफ पान घेतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की क्लासेस आणि कॉलेजं येतात. पेरणीच्या आधी बियाणं आणि खतांच्या कंपन्या येतात. पतसंस्था आणि सहकारी बँका वर्षभर असतात. या मंडळींना प्रोग्रॅमॅटिक लिलाव, म्हणजे जाहिरातीच्या जागेची संगणकावर आपोआप होणारी बोली, माहीत नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. 'आपल्या तालुक्याच्या प्रत्येक व्हिडिओआधी महिनाभर आपलं नाव' ही गोष्ट त्यांना पहिल्या वाक्यात कळते. वरच्याच उदाहरणात तालुक्यांचे गट करून तीन प्रायोजकांनी महिन्याला २०,००० प्रत्येकी दिले तर ६०,००० होतात. एजन्सीचं १५ टक्के कमिशन गेलं तरी ५१,०००. लिलावातून येणारे ५,०४० त्यानंतर उरलेल्या जागेवरचे वरचे पैसे.

यासाठी लागणारी यंत्रणा फार मोठी नाही, पण ती तुमच्या नावावर हवी. गुगल ॲड मॅनेजरचं, म्हणजे कोणत्या जागेवर कोणती जाहिरात दाखवायची ते ठरवणाऱ्या ॲड सर्व्हरचं, खातं स्वतःचं काढा. व्हेंडरच्या खात्यात एका कोपऱ्यात जागा घेऊ नका. प्रायोजकाची जाहिरात तिथे सर्वांत वरच्या प्राधान्याने लावा, ती नसेल तेव्हाच बाहेरच्या लिलावाला जागा मिळू दे. प्लेयर आणि ॲड सर्व्हर व्हास्ट नावाच्या प्रमाणित भाषेत बोलतात, त्यामुळे उद्या प्लेयर बदलला तरी आरओ (जाहिरातदाराची लेखी ऑर्डर), अहवाल आणि दर जागेवर राहतात. व्हास्टमध्ये जाहिरात सुरू झाली, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण पाहिली गेली, अशा पाच नोंदी मिळतात. त्या पाच आकड्यांचा कागद दर महिन्याला सराफाच्या दुकानात नेऊन दाखवा. छापील जाहिरातीत त्याला हे कधीच मिळालेलं नसतं.

दोन अडचणी येतील, आत्ताच सांगून ठेवतो. एक, 'फक्त आमच्या जिल्ह्यात दाखवा' असं जाहिरातदार म्हणेल. मोबाइल इंटरनेटवर आयपी पत्त्यावरून जिल्हा ओळखणं भरवशाचं नाही. परभणीतला वाचक मुंबईतला दिसू शकतो. त्यापेक्षा बातमीच्या तालुक्यावर जाहिरात बांधा: जिंतूरच्या बातमीवर जिंतूरचा प्रायोजक. जिंतूरची बातमी पुण्यात बसून पाहणारा माणूसही बहुधा जिंतूरचाच असतो, घरचे पैसे तिथेच खर्च होतात. दुसरी अडचण जीएसटीची. छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के आणि ऑनलाइन जाहिरातीवर १८ टक्के. 'पेपरसोबत व्हिडिओ मोफत' असं एकत्र पॅकेज विकायच्या आधी बिलं कशी वेगळी करायची ते सीएला विचारून घ्या.

तालुक्यावर जाहिरात बांधायची तर प्रत्येक व्हिडिओला तालुका लिहिलेला हवा, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी इथेच गाडी अडते. फायलींची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'साहेबांनी पाहिलेलं' अशी असतात. मूळ फुटेज एखाद्या सोडून गेलेल्या एडिटरच्या हार्ड डिस्कवर असतं, आणि उरलेली एकमेव प्रत यूट्यूबवरची, तीही चॅनेलची पट्टी चित्रातच कायमची बसलेली. तुम्हाला मनापासून सांगतो, प्लेयरवर पहिला रुपया खर्च करायच्या आधी दोन जणांना सहा महिने या कामाला बसवा.

प्रत्येक व्हिडिओची स्वच्छ मूळ प्रत ठेवा: पट्टी, टिकर, लोगो काहीही नसलेली. दोन जागी ठेवा, त्यातली एक कार्यालयाबाहेर. नोंदीत चित्रीकरणाची तारीख, गाव, तालुका, माणसांची नावं, कोणी चित्रित केलं आणि हक्क कोणाकडे, एवढं लागतंच. हक्काचा रकाना कंटाळा न करता भरा. स्ट्रिंगरने, म्हणजे बातमीमागे मानधन घेणाऱ्या वार्ताहराने, पाठवलेलं फुटेज, कोणाच्या मोबाइलवरून आलेली क्लिप, वृत्तसंस्थेकडून एका वापरापुरतं घेतलेलं दृश्य, मिरवणुकीत मागे वाजणारं चित्रपटगीत, या चारही गोष्टी पुढे पैसे अडवतात. यूट्यूबवर ९० दिवसांच्या मुदतीत तीन कॉपीराइट स्ट्राइक झाल्या की चॅनेल बंद होऊ शकतं. उलट बाजूने, तुमचं अस्सल फुटेज दुसरे वापरत असतील तर कंटेंट आयडी या यूट्यूबच्या फुटेज ओळखणाऱ्या यंत्रणेतून त्याचा महसूल मागता येतो, पण 'हे आमचंच' हे दाखवणारी नोंद तुमच्याकडे असेल तरच.

नावांचाही प्रश्न आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या फुटेजला जुनं नाव आहे, शोधणारा दोन्ही नावांनी शोधतो. ठिकाणांची एक यादी करून त्यात दोन्ही नावं जोडून ठेवा. तुमच्या जुन्या बातम्या श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केल्या असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय व्हिडिओशी त्यांची जोड लागणार नाही. आवाजावरून मजकूर करणारी साधनं मराठीत आता उपयोगी पडण्याइतपत चांगली झाली आहेत, पण गावांची आणि माणसांची नावं ती बिघडवतात. ती तपासायला जिल्हा माहीत असलेला माणूसच हवा. निवृत्त झालेले तुमचे उपसंपादक या कामाला सगळ्यात योग्य.

ही मेहनत कशासाठी, तर जुनं फुटेज पुन्हा विकलं जातं. एखादा नेता मंत्री झाला, एखादं धरण पुन्हा भरलं, एखाद्या खटल्याचा निकाल वीस वर्षांनी लागला, की माहितीपट करणारे आणि वाहिन्या जिल्ह्याच्या पेपरकडे येतात. त्या दिवशी पाच मिनिटांत क्लिप सापडली तर दर तुम्ही सांगता.

वितरणाचं तंत्र आता मळलेली वाट आहे. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत जवळपास सगळीकडे चालते: व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत ठेवायचा आणि नेटचा वेग पाहून प्लेयरने त्यातला योग्य तो उचलायचा. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, एच.२६४ ठेवा. नवी कोडेक डेटा वाचवतात, पण स्वस्त आणि जुन्या फोनवर ती चालवताना अडखळतात, आणि तुमचा वाचक त्याच फोनवर आहे. सर्वांत खालचा दर्जा २०० ते ३०० किलोबिटचा ठेवाच, एसटीत बसलेल्या माणसासाठी. पहिलं चित्र पटकन दिसणं हे चित्राच्या स्पष्टतेपेक्षा महत्त्वाचं. मराठी अक्षरं मोठी आणि ठळक वापरा, कारण कमी दर्जात वेलांट्या आणि मात्रा आधी पुसल्या जातात. प्लेयरचा कोड पान उघडताक्षणी आणू नका, वाचक त्याच्या जवळ पोचल्यावर आणा. डीआरएमवर, म्हणजे व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या कुलपावर, पैसे घालवू नका. वाइडव्हाइन, फेअरप्ले वगैरे चित्रपट आणि सामने दाखवणाऱ्यांसाठी आहे, बातमीला त्याची गरज नाही. आणि प्रत्येक महत्त्वाच्या व्हिडिओला स्वतःचं वेगळं पान द्या. गुगलने डिसेंबर २०२३ पासून व्हिडिओच्या शोधात व्हिडिओ हाच मुख्य मजकूर असलेली पानंच दाखवायला सुरुवात केलीय.

थेट प्रक्षेपण, म्हणजे विसर्जन मिरवणूक, पालखी, मतमोजणी, हे यूट्यूबवरच करा. एकाच वेळी येणारी गर्दी स्वतःच्या सीडीएनवर घेतली तर एका दिवसाचं बिल महिन्याचं उत्पन्न खातं. त्यात आणखी एक फायदा आहे. गणपती आणि आषाढीच्या दिवशी अमेरिका, ब्रिटन, आखातातून मराठी माणसं पाहायला येतात आणि त्या देशांतल्या प्रेक्षकामागे जाहिरातीचा दर भारतापेक्षा बराच जास्त असतो.

फक्त व्हिडिओसाठी वर्गणी लावण्याच्या मी विरोधात आहे. दर महिन्याला पैसे भरण्याइतका मजकूर एक जिल्हा दैनिक व्हिडिओत देऊ शकत नाही. ई-पेपरच्या वर्गणीत 'जाहिरातीविना व्हिडिओ' जोडा आणि यूपीआय ऑटोपेने घ्या, एवढं पुरे.

व्हेंडरच्या कराराकडे परत येतो. या धंद्यात कंपन्या सतत विकल्या जातात. उयाला एकेकाळी मोठं नाव होतं, २०१९ मध्ये तिचा व्हिडिओ प्लॅटफॉर्म ब्राइटकोव्हने घेतला. पुढे ब्राइटकोव्हच २०२५ मध्ये इटलीच्या बेंडिंग स्पून्सकडे गेली. जेडब्ल्यू प्लेयर आणि कनाटिक्स २०२४ मध्ये एकत्र आल्या. यात कोणाचं वाईट झालं असं नाही, पण प्रत्येक वेळी ग्राहकांना दर, अटी आणि कधी संपूर्ण यंत्रणा बदलावी लागते. म्हणून करारात लिहून घ्या: सर्व व्हिडिओ, नोंदी आणि थंबनेल प्रमाणित स्वरूपात ३० दिवसांत परत मिळतील. एम्बेडचा पत्ता तुमच्या सबडोमेनवर असू द्या, म्हणजे व्हेंडर बदलला तरी हजारो जुन्या बातम्यांतले व्हिडिओ तुटत नाहीत. ॲड्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये व्हेंडर शेकडो ओळी टाकायला सांगेल. प्रत्येक ओळ म्हणजे तुमची जागा विकण्याची कोणालातरी दिलेली परवानगी. ज्या ओळीतून गेल्या तिमाहीत पैसे आले नाहीत ती काढून टाका.

आकड्यांवर व्हेंडरच्याच डॅशबोर्डवरून विश्वास ठेवू नका. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं होतं की ३ सेकंदांपेक्षा कमी पाहिलेले व्ह्यूज वगळून ते सरासरी वेळ काढत होते, आणि त्यामुळे दोन वर्षं तो आकडा फुगलेला होता. त्या काळात अमेरिकेतल्या अनेक वृत्तसंस्थांनी लेखक-संपादकांना काढून व्हिडिओची माणसं घेतली, आणि नंतर फेसबुकचं धोरण बदलल्यावर त्यांनाही काढलं. तुमच्या डेस्कवर असा निर्णय येऊ देऊ नका.

करार वर्षाचा करू नका, आधी सहा आठवड्यांची चाचणी मागा. निम्म्या पानांवर नवा प्लेयर, निम्म्यांवर आजचं यूट्यूब एम्बेड, वाचकांची विभागणी आपोआप आणि सारखी. व्हिडिओचं उत्पन्न एकटं पाहू नका. त्या पानावरचं एकूण उत्पन्न, पान उघडायला लागणारा वेळ आणि वाचक त्याच आठवड्यात परत आला का, हे तिन्ही पाहा. प्लेयरचे पैसे वाढले पण बॅनरचे तेवढेच घटले, असं मी वारंवार पाहिलंय. चाचणीच्या काळातच जाहिरात विभागाकडून एक तरी प्रायोजक आणा, भले कमी दरात. सहा आठवड्यांत एकही आरओ आला नाही, तर प्लेयर पुढे ढकला आणि ते दोघे जण फुटेजच्या नोंदींवरच बसू द्या.